आडअसर

केमिस्टने दहा गोळ्यांच्या पट्टीतून सात गोळ्या कात्रीने कापून दिल्या. औषधाचं नाव छापलेला भाग त्याच्याकडेच राहिला. माझ्या हातात आला तो नुसता चंदेरी तुकडा. "जम्या पछी लेजो, बेन," तो म्हणाला. जेवणानंतर घ्या. माझा जन्म बडोद्याचा, त्यामुळे गुजराती समजायला मला मध्ये मराठी लागत नाही. तरी त्या दिवशी ते वाक्य मी मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. गेल्या चार महिन्यांत माझ्याकडून तेवढंच काम होत होतं, दिवसाला एखादं वाक्य. एका गुजराती कादंबरीचा अनुवाद सत्तेचाळिसाव्या पानावर अडला होता आणि प्रकाशकांचे फोन मी उचलत नव्हते.

गोळी एस्सिटॅलोप्रॅमची, पाच मिलिग्रॅम. आठवड्याने दहा करायची होती. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. झोपेच्या नव्हेत, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, जबडा दुखवणाऱ्या, एकीला लागून दुसरी. मुलगा इतिहासाचा धडा म्हणून दाखवत होता, तो थांबून म्हणाला, "आई, इतकं बोअर होतंय?" तिसऱ्या दिवशी मळमळ आली. फोडणीचा वास आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. तोंडाला अशी कोरड की बोलताना जीभ टाळूला चिकटे. चौथ्या रात्री उशी घामाने भिजली, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या जिन्यावरून कोलकात्याची ट्राम खणखणत वर आली. स्वप्नच ते, पण जाग आल्यावरही मी ट्रामला वाट द्यावी तशी भिंतीला टेकून बसले होते.

हे सगळं मला नवं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अशाच गोळ्या सुरू केल्या होत्या आणि पाचव्या दिवशी बंद केल्या होत्या. डॉक्टरांना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. उरलेल्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या आणि रोज सकाळी खाणं झालं की त्याच्या देखत नुसतं पाणी पीत राहिले. त्यानंतरचं दीड वर्ष मला नीट आठवत नाही. मुलगा सहावीत होता. त्या वर्षातला त्याचा मी काढलेला एकही फोटो नाही. हातातलं एक पुस्तक गेलं. नवरा मात्र समजत राहिला की औषध घेऊनही हिला गुण येत नाही. माझ्या गोळ्या मी टाकल्या, त्याबरोबर त्याचा औषधावरचा विश्वासही टाकला, त्याला न विचारता.

का बंद केल्या? मळमळीमुळे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण मळमळ मी गरोदरपणात चार महिने सोसली होती. खरं म्हणजे मी फोनवर दुष्परिणामांची यादी वाचली होती आणि तीत माझं सगळं होतं. दुष्परिणाम! परिणामाचा अजून पत्ता नव्हता आणि दुष्परिणाम मात्र हजर. दुष्काळ, दुष्कर्म, दुष्कीर्ती यांच्या पंगतीत बसणारा शब्द. जे वाईट म्हणून आधीच ठरलं आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं तरी काय? खटला चालण्याआधीच निकाल लागला होता.

माझं काम शब्दांशी, म्हणून यावेळी मी आधी त्या शब्दाकडेच गेले. गुजरातीत याला 'आडअसर' म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण कधी थांबून पाहिला नव्हता. आडवाट, आडगाव, आडनाव यांतला तो 'आड'. मुख्य रस्ता सोडून बाजूने आलेला असर. तो वाटेत आडवा येईलही, पण वाईटच असेल असं शब्द म्हणत नाही. एम.ए.ला मी कोलकात्यात होते, तौलनिक साहित्याच्या वर्गात. तिथे बंगालीत शब्द होता 'पार्श्वप्रतिक्रिया'. पार्श्वगायक, पार्श्वसंगीत, पार्श्वभूमी हे आपण मराठीतही म्हणतो, त्यात कुठे शिवी नाही. एका तमिळ सहअनुवादिकेला विचारलं, ती म्हणाली, 'पक्क विळैवु', बाजूचा परिणाम. शेजारच्या भाषांनी 'बाजूला' एवढंच म्हटलं होतं. आमच्या घरात आणि आमच्या वर्तमानपत्रांत मात्र 'दुष्' लागलेला.

शब्द बदलल्याने मळमळ थांबत नाही, हे मला माहीत आहे. पण मी एक वही घेतली आणि वर 'आडअसर' लिहिलं. खाली तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ टिकलं. निकाल लिहायचा नाही. 'आज भयंकर वाटलं' असं नाही, तर 'सकाळी साडेनऊ ते अकरा मळमळ, आल्याचा तुकडा चघळल्यावर कमी.' मूळ संहिता पहिल्यांदा वाचताना आपण समासात खुणा करतो, तितक्याच कोरडेपणाने.

वही घेऊन मी पाचव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्या हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. गोळी सकाळीच घ्या, रात्री घेतली तर झोप आणखी मोडेल. रिकाम्या पोटी घेऊ नका. एकदम भरपेट जेवू नका, थोडं थोडं खा. पाण्याची बाटली जवळ ठेवा. चहा-कॉफी कमी करा. मळमळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. पोटालाच का, मी विचारलं. दुखणं तर मनाचं. त्या म्हणाल्या, शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नाही, आतड्यात असतं. औषधाची खबर आधी त्यालाच लागणार.

हे ऐकून मी त्या रात्री वाचत बसले. १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर या संशोधकाला आतड्याच्या पेशींत एक द्रव्य सापडलं. आतड्यातलं म्हणून त्याने नाव दिलं एन्टरामिन. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला तिघांनी रक्तातून एक द्रव्य वेगळं केलं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करत होतं, म्हणून त्याचं नाव सेरोटोनिन. १९५२ मध्ये स्पष्ट झालं की दोन्ही एकच. एका वस्तूला दोन भाषांत दोन नावं, आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही. टिकलं ते रक्ताचं नाव, पोटाचं विसरलं गेलं. माझ्या पोटाने मात्र लक्षात ठेवलं होतं.

सहाव्या रात्री वेगळंच काही झालं. मला बसता येईना. पायांत मोटर बसवल्यासारखं. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर, रात्री दीडपर्यंत. आडवं झालं की कातडीच्या आतून कोणीतरी ढकलतंय. तिथे वही उपयोगाची नव्हती, कारण पेन धरून बसणंच शक्य नव्हतं. आणि तांदळाचा डबा समोर होता.

सुरुवातीलाच डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलं होतं: मळमळ, जांभया, कोरड हे सोसता येईल तेवढं सोसा. पण असह्य अस्वस्थता आली, झोप पार उडाली, किंवा जीव नकोसा करणारे विचार आले, वाढले, तर वाट पाहायची नाही, त्याच वेळी फोन. पहिल्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना अधिक जपायचं. माणसाला स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून तुम्हीही लक्ष ठेवा, असं त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं. तेव्हा मला ते अपमानास्पद वाटलं होतं. त्या रात्री मी त्याला उठवलं. "मला बसता येत नाहीये," एवढंच म्हणाले. त्याने दिवा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि फोन लावला. मग पहाटेपर्यंत माझ्याबरोबर गॅलरीत चालत राहिला. तिथेच मी त्याला तीन वर्षांपूर्वीच्या गोळ्यांचं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडतोय."

सकाळी डॉक्टरांनी तपासलं. अशा अस्वस्थतेला वैद्यकात अ‍ॅकॅथिशिया म्हणतात. ग्रीकमध्ये अर्थ अगदी साधा: बसता न येणं. म्हणजे मध्यरात्री मी नवऱ्याला जे वाक्य बोलले, तेच त्या आजाराचं नाव होतं. गोळी अर्धी केली, चार दिवसांपुरती दुसरी एक गोळी दिली आणि मात्रा वाढवण्याचा वेग मंदावला. दहापर्यंत पोहोचायला मला आठवडा नाही, दीड महिना लागला. औषध बंद पडलं नाही. मागच्या खेपेला मी न बोलता थांबले होते, यावेळी बोलले म्हणून थांबावं लागलं नाही.

याच वाचनात मला आणखी एक गोष्ट मिळाली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांवर इप्रोनियाझिड नावाच्या नव्या औषधाचे प्रयोग चालू होते. खंगलेले रुग्ण उत्साही झाले, त्यांना भूक लागू लागली, वॉर्डात हसणं ऐकू येऊ लागलं. औषध फुप्फुसांसाठी होतं, मन उजळणं हे बाजूचं. काही वर्षांनी ते नैराश्यावर देऊ लागले. पुढे यकृताला इजा होते म्हणून ते मागे पडलं, पण नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक आलं ते असं, क्षयाच्या औषधाची आडअसर म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी ती नोंदवली नसती तर?

साधारण पाचव्या आठवड्यात एक दिवस प्रकाशकांचा फोन आला आणि मी तो उचलला. उचलल्यावर लक्षात आलं की उचलला. आनंदबिनंद काही नाही. कानाशी फोन होता आणि मी बोलत होते, एवढंच. त्या दुपारी सत्तेचाळिसावं पान उलटलं.

सगळी आडअसर मात्र गेली नाही. जांभया, मळमळ, कोरड गेली. राहिलं ते बोलायला अवघड. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "ए बाबतमां कंई फेर?" त्या बाबतीत काही फरक? दोन्ही भाषांत या गोष्टीला 'ती बाब' म्हणतात, हेही एक साम्यच. मी चटकन 'नाही' म्हणाले. घरी आले आणि वहीत लिहिता लिहिता थांबले. तांदळाच्या डब्यामागे मी पुन्हा काहीतरी ठेवत होते. इच्छाच मावळली होती. नवरा जवळ आला की मी उद्याच्या डब्याच्या भाजीचा विचार करायची. आणि रडूही येत नव्हतं. कादंबरीतल्या आईच्या मरणाचं प्रकरण मी कोरड्या डोळ्यांनी मराठीत आणलं. मला भीती वाटली की औषधाने दुःखाबरोबर माझा कानही नेला. दोन-तीन जाणकारांना ते प्रकरण वाचायला दिलं. त्यांनी दोन शब्द बदलायला सांगितले, एवढंच. तरी ती भीती पूर्ण गेलेली नाही.

पुढच्या भेटीत मी 'ती बाब' सांगितली. डॉक्टरांनी वेळ घेतला. हे या गोळ्यांमुळे बऱ्याच जणांना होतं, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, पण आता बरं वाटायला नुकतंच लागलंय, तर घाई नको, आणि स्वतःच्या मनाने काही सोडायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. घरी येऊन मी नवऱ्यालाही सांगितलं, की हे गोळीचं आहे, तुझं नाही. त्याने मान हलवली. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता तो आम्हां दोघांचा आहे.

आईला हे सगळं नापसंत होतं. "अगं, गोळ्यांची सवय लागते. मनाला समजवायचं." ती स्वतः वीस वर्षं बीपीची गोळी घेते. एकदा तिच्याकडे गेले तर घोटे सुजलेले. कधीपासून? "झाली असतील चार वर्षं, गोळी बदलली तेव्हापासून. वय झालं आता." डॉक्टरांना सांगितलंस? "त्यात काय सांगायचं?"

मी तिला घेऊन गेले. तिच्या डॉक्टरांनी अंगठ्याने घोटा दाबला, खळगा पडला. ही या गोळीने येणारी सूज, आजी, लवकर सांगायचं होतंत. त्यांनी गोळी बदलली. पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन आला. त्या जुन्या पट्ट्याच्या मरून चपला परत पायात गेल्या म्हणाली. आवाजात चोरटा आनंद. मग जरा थांबून, "आणि तुझ्या जांभया?"

"थांबल्या."

"आणि बाकीचं?"

आईने हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून बसले.