उघडी खिडकी

गेल्या नोव्हेंबरात आई साताऱ्याहून आमच्याकडे मिसिसागाला आली. आमच्या बेसमेंटमध्ये महिन्यातून एकदा भजनाची बैठक असते. वीसेक माणसं, पेटी, तबला, मग पोहे आणि गप्पा. पहिल्या बैठकीतून आई मधेच उठून वर गेली. दुसऱ्या वेळी खाली आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "अरे, कानातलं मशीन सगळ्यांचं बोलणं एकत्र कालवून देतं. मी नुसती हसत बसते. मग कुणी काही विचारलं की फजिती होते."

मशीन तपासून आणलं. ते ठीक होतं. दोष खोलीत होता. लॅमिनेटची जमीन, ड्रायवॉलच्या भिंती आणि थंडीमुळे घट्ट बंद खिडक्या. शब्द भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर सांडतो. आपले कान त्यातून हवं ते निवडतात. मशीन लावलेल्या कानांना ते फार जड जातं.

मी आधी पातळ फोमचे चौकोन चिकटवले. टाळांचा खणखणाट थोडा कमी झाला, पण डग्गा घुमतच राहिला. खालचे सूर शोषायला जाडी लागते.

मग वाचनात वॉलेस सॅबिन आले. 1895 साली हार्वर्डमधल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री-रात्री मोजमापं घेतली. कुठली वस्तू किती आवाज शोषते, हे मोजायला त्यांनी एकक धरलं उघड्या खिडकीचं! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

साताऱ्याच्या घरात आईला हा त्रास का नव्हता, ते तेव्हा उमगलं. तिथे दारं-खिडक्या सताड उघडी, कोपऱ्यात गोधड्यांची चळत.

लाकडाच्या दोन फूट बाय चार फूट अशा आठ चौकटी केल्या. आत चार इंच जाडीची रॉकवूल भरली. हातमोजे आणि मास्क घालूनच, कारण ती खाजते. वरून कापड हवं होतं. नातीच्या गोधडीसाठी आणलेल्या जुन्या सुती साड्या आईनेच पुढे केल्या. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची. श्वास पार गेला तर आवाजही जातो. जागा ठरवायला आरसा वापरला. आई खुर्चीत बसली, मी भिंतीवरून आरसा सरकवत नेला. गाणाऱ्याची जागा तिला जिथे दिसली, तिथे चौकट लावली. दोन छतालाही टांगल्या.

वरच्या मजल्यावर आवाज जायचा तो जातोच. पॅनेल तो अडवत नाहीत.

मार्चच्या बैठकीला आई शेवटपर्यंत बसली. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आता नीट ऐकू येतंय. अंतऱ्यात तू सूर सोडतोस."