वजनाचा हिशेब

मे २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आली तेव्हा तिच्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलची दिल्लीतली शोरूम किंमत ९७ हजार रुपये होती. पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची, दोन्हीकडे तारांचे आरे, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा आणि वजन १५४ किलो. सोमवारी ऑफिसला नेता येईल आणि रविवारी गडाच्या पायथ्याच्या खडकाळ वाटेवर घालता येईल अशी डुअल-स्पोर्ट गाडी लाखाच्या आत मिळते, ही तेव्हा बातमीच होती. हिरोनेच २०११ मध्ये १५० सीसीच्या इम्पल्सवर हा प्रयोग करून पाहिला होता. पण तेव्हा गिऱ्हाईक तयार नव्हतं आणि ती गाडी पुढे बंद पडली.

एक्सपल्सच्या वेळी मात्र गिऱ्हाईक इतकं तयार होतं, की गाडीची पूजा व्हायच्या आत तिचं सामान मागवलेलं असायचं.

ताम्हिणीतल्या टपऱ्यांसमोर रविवारी सकाळी अशा गाड्यांची रांग लागते. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड, मागे टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंना पेट्या आणि पेट्यांना टेकून लाल जेरी कॅन. कॅन बहुधा रिकामे असतात. पुण्याहून माणगावला जायला ते भरावेही लागत नाहीत. ज्याने आपली गाडी स्वतःच्या हाताने उघडून जोडली आहे, तो या रांगेकडे बघताना किलो मोजतो. पाच लिटर पेट्रोल म्हणजे पावणेचार किलो. गार्ड, रॅक आणि रिकाम्या पेट्या धरल्या तर वीस किलोंची भर सहज पडते, आणि तीही बरीचशी उंचावर, मागच्या चाकाच्याही मागे. चढाला लागलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटतं. गाडी ओढ्यात आडवी झाली आणि सोबत कोणी नसलं, तर हा हिशेब थेट कंबरेला कळतो.

म्हणून जाणता माणूस फुकटातल्या कामांपासून सुरुवात करतो. फूटपेगवरचे रबर काढले की बुटाला दात लागतात आणि ओल्यात पाय सरकत नाही. हँडल जरा पुढे फिरवलं की उभं राहून चालवताना पाठ मोडत नाही. त्याच वेळी लिव्हरही थोडे खाली झुकवून घ्यायचे. एवढ्याने समाधान झालं नाही तरच हँडल उंच करणाऱ्या रायझरचा विचार करायचा, आणि तोही क्लचची केबल व ब्रेकची नळी पुरते का ते पाहून.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हुशार काम प्लंबरच्या सामानातून होतं. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर क्लॅम्पने हँडलला घट्ट आवळलेले असतात. गाडी पडली, लिव्हर दगडावर आपटला, की तो मोडतो. आणि क्लचशिवाय घाट उतरणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. उपाय म्हणजे नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. क्लॅम्प सोडवायचा, त्या जागी हँडलवर टेपचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि बोल्ट परत आवळताना हात आखडता घ्यायचा. चालवताना लिव्हर हलता कामा नये, पण तळहाताने जोर लावला तर फिरला पाहिजे. असा लिव्हर पडल्यावर मोडत नाही, नुसता वळतो. गाडी उभी करायची, तळहाताचा एक दणका देऊन त्याला जागेवर आणायचं आणि निघायचं. याच घराण्यातली दुसरी युक्ती म्हणजे क्लचची नवी केबल जुनीच्याच शेजारून ओवून, दोन्ही टोकं टेपने झाकून ठेवणं. जुनी तुटली तर नुसती टोकं बदलायची. टाकी काढा, वाट शोधा, असली भानगड नको.

हत्यारांचीही तीच गोष्ट. खिळ्यांनी, काट्यांनी ट्यूब फुटणारच, कारण साध्या आऱ्यांच्या चाकात ट्यूबलेस टायर नसतो. टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ॲक्सलचा पाना हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये घेतलं तर पडताना तेच मणक्यात घुसतं. शेतीच्या सामानाच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका टोकाला सॉल्व्हंटने चिकटवलेली टोपी, दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण, आणि झाली हत्यारांची नळी. ती सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, जमेल तितकी खाली बांधतात. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून सायलेन्सरशी सलगी नको. आत जुन्या टी-शर्टच्या चिंध्या कोंबल्या की खडखड थांबते आणि हात पुसायला फडकंही मिळतं. मुरलेले रायडर नळीत ट्यूब एकच ठेवतात, पुढच्या २१ इंची चाकाची. अडीअडचणीला ती घडी न पडू देता मागच्या १८ इंचीत बसवता येते आणि घरापर्यंत पोचवते. उलटं जमत नाही.

अमेरिकेत कावासाकीच्या केएलआर ६५० वर अशीच एक संस्कृती उभी राहिली. १९८७ साली आलेल्या त्या गाडीच्या मागे दुधाचा प्लॅस्टिक क्रेट बांधलेला दिसला, तर तिथे कोणी नाक मुरडत नाही. त्या इंजिनात बॅलन्सरच्या चेनचा ताण धरणारा एक लिव्हर असे आणि तो मोडायचा. मालकांनी त्याला ‘डूहिकी’ असं गमतीचं नाव दिलं, बाहेरून जास्त मजबूत तुकडे बनवून घेतले आणि स्वतः बसवले. कुठला भाग कुठे दगा देतो हे ठाऊक असलं, की खरेदीची यादी आपोआप आखूड होते.

सह्याद्रीत दगा देतं ते गाडीचं पोट. कातळाच्या पायऱ्या, जांभ्याच्या चिऱ्यांमधून गेलेली बैलगाडीची वाट, वाहून गेलेल्या रस्त्यात उघडे पडलेले दगड. ते झाकायला कंपनीची बॅश प्लेट असते, पण ती बेताची. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापावा लागतो. तो गाडीखाली धरून, दुमडून, पुन्हा कापून इंजिनाची कूस नीट झाकेपर्यंत संध्याकाळ जाते. मग धातूचा प्रश्न. तीस बाय चाळीस सेंटिमीटरचा तीन मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा पावणेतीन किलोंच्या वर जातो. तेवढाच ॲल्युमिनियमचा पत्रा चार मिलिमीटर घेतला तरी सव्वा किलोच्या आसपास बसतो. ॲल्युमिनियम म्हटल्यावर दुकानदार ६०६१ जातीचा पत्रा पुढे करतो. तो कडक असतो खरा, पण काटकोनात वाकवताना तडकतो. ५०५२ मऊ आहे आणि मुकाट्याने वाकतो. खरी मेख मात्र बोल्टमध्ये आहे. प्लेट चौकटीला टांगायची, इंजिनाच्या केसिंगला नाही. नाहीतर दगडाचा मार प्लेटमार्गे सरळ केसिंगवर जातो आणि एवढा खटाटोप वाया. ऑइल काढायच्या नटापुढे भोक हवं, चिखल धुऊन निघायला आणखी चार, आणि प्लेट गुणगुणू नये म्हणून बोल्टखाली जुन्या ट्यूबचे वॉशर.

गिअरिंगच्या बाबतीत पुढचं स्प्रॉकेट तेरा दातांऐवजी बारा दातांचं लावलं की चढावर जवळपास आठ टक्के जोर वाढतो. मागे तीन दात वाढवल्यासारखाच हा परिणाम, तोही थोडक्या पैशांत. बदल्यात कोल्हापूरच्या हायवेवर इंजिन सारखं ओरडतं आणि लहान चक्राभोवती वळताना चेनही लवकर झिजते.

लाइटच्या बाबतीत हौस सर्वांत जास्त आणि अक्कल सर्वांत कमी दिसते. वीस-वीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेतीन ॲम्पिअरच्या आत ओढतात. त्यांना पाच ॲम्पिअरचा फ्यूज आणि एक साधा रिले पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या गल्ल्यांत हे सामान किरकोळीत मिळतं. बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली तार ३० क्रमांकाच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना, ८६ ला चावीनंतरचा स्विच, ८५ अर्थिंगला. एवढं सोडून जो हेडलाइटच्याच तारेला सालटं काढून पीळ देतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो, त्याचे दिवे कोकणातल्या पहिल्या पावसात विझतात, कधी हेडलाइटसकट. तारा बांधण्यापूर्वी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघणं हीसुद्धा वायरिंगच.

मोठी उडी घ्यायची तर हिरोनेच २०२० मध्ये ३८ हजारांचं रॅली किट काढलं. त्यात पुढच्या सस्पेन्शनची चाल १९० वरून २५० मिलिमीटर होते, मागची १७० वरून २२०. किट उत्तम आहे यात वाद नाही. पण तशीच चाल घेऊन २०२३ मध्ये आलेल्या प्रो मॉडेलची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे, मूळ गाडीपेक्षा साडेसहा सेंटिमीटरहून थोडी जास्तच उंच. साडेपाच फुटी माणसाचा दगडधोंड्यात पाय टेकत नसेल, तर इतक्या पैशांत मिळवलेली चाल पडण्यातच खर्ची पडते. त्यापेक्षा आपल्या वजनाला साजेशी मागची स्प्रिंग आणि फोर्कमध्ये ताजं ऑइल बरं.

कायद्याचंही ध्यान ठेवावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदांवरचा तपशील मूळ गाडीपासून बदलेल असा फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टेफ्लॉनच्या वेढ्याला कोणी हात लावत नाही. कानठळ्या बसवणाऱ्या सायलेन्सरला मात्र नाक्यावरचा हवालदार लांबूनच ओळखतो.

आणि गाडी विकायला काढली, की या सामानाचे पैसे कोणी देत नाही. घेणारा आधी मूळ आरसे, मूळ सायलेन्सर आणि मूळ स्प्रॉकेट मागतो. त्यामुळे काढलेला प्रत्येक भाग तेलकट फडक्यात गुंडाळून, बोल्ट त्याच्याच भोकात अडकवून माळ्यावर ठेवलेला बरा. ॲल्युमिनियमची प्लेट तेवढी उतरवून घ्यायची, पुढच्या गाडीच्या पोटाला थोडं कापून-वाकवून ती चालते.