ठिणगीची वेळ

जुन्या यंत्रांवर जीव असणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकास यंत्र जसे घडले तसेच राहावयास हवे असते. दुसऱ्यास ते चालावयास हवे असते. एरवी दोहोंत गोडीगुलाबी नांदते, पण ठिणगीचा विषय निघाला की बिनसते. आम्ही पडलो इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक; या वादात शिरण्याचे आम्हांला वस्तुतः प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या उन्हाळ्यात जर्मनीत श्टुटगार्ट येथे आमच्या पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, आणि त्याच्या घराच्या तळघरात मोटोक्रॉसची एक जुनी गाडी होती.

मोटोक्रॉस म्हणजे चढउतारांच्या, चिखलाच्या, मुद्दाम वाकड्यातिकड्या केलेल्या वाटेवरील मोटारसायकलींची शर्यत. पुतण्याची गाडी 1970 च्या सुमाराची, चेकोस्लोव्हाकियातील स्ट्राकोनित्से येथे झालेली, अडीचशे सी.सी.ची 'चेझेट'. तिला दिवा नाही, भोंगा नाही, बॅटरी नाही. तथापि वाचकांनी तिला अगदीच परकी समजू नये. चेझेट आणि जावा ही एकाच देशातील भावंडे. आणि जावाच्या परवान्याने म्हैसुरास निघालेल्या कारखान्याच्या गाड्या 1961 पासून 1996 पर्यंत, प्रथम जावा व पुढे येझदी या नावाने, आपल्या गल्लीबोळांतून फटफटत होत्या. ज्योएल रोबेर हा बेल्जियन स्वार 1964 साली अवघ्या विसाव्या वर्षी अडीचशे सी.सी.च्या वर्गात जगज्जेता झाला, तो चेझेटवर बसूनच.

आमच्या थोरल्या बंधूंची जावा होती. तिचे पॉइंट लावण्याची विद्या त्यांनी आपल्या मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षीच दिली. पॉइंट म्हणजे धातूच्या दोन चिमुकल्या टिकल्या. त्या एकमेकींना चिकटलेल्या असताना कॉइलमधून वीज वाहते; कॅमच्या धक्क्याने त्या विलग झाल्या की प्रवाह एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. फट सुमारे 0.4 मिलिमीटर. ठिणगी पडावयाची ती दट्ट्या शिखरास पोचण्याच्या आधी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर वाट उरली असताना. ते मोजण्यासाठी बंधू प्लग काढून त्या भोकात सायकलची तार सोडीत व तिच्यावर कानशीने खूण करीत. पॉइंटांत विडीचा पातळ कागद धरून चाक हळूहळू फिरवावयाचे. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. मिनिटास सहा हजार फेरे झाले म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात सेकंदास शंभर ठिणग्या होतात, आणि चाकाच्या एका अंशाला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग मिळतो. इतक्या सूक्ष्म व्यवहाराची किल्ली विडीच्या कागदात असावी, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते.

पण पॉइंट झिजतात. कॅमवर घासणारा त्यांचा तळवा झिजला की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. क्रँकची बेअरिंगे सैल झाली की फट फेऱ्याफेऱ्याला निराळी. कंडेन्सर म्हातारा झाला की थंड असताना शहाण्यासारखा वागतो, आणि तापला की टिकल्या जाळतो. पुतण्याच्या गाडीस ही तिन्ही दुखणी होती. सरावाच्या दिवशी आम्ही दोरीपलीकडे उभे होतो. उभ्या चढावर, माथा हातभर उरला असताना, इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडले. मागून येणाऱ्याला माथ्यालगतची अडचण दिसावयास उशीर लागला. त्याने गाडी कडेच्या गवतात घातली म्हणून निभावले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. तेच अधिक वाईट होते.

रात्री आम्ही म्हटले, "अरे, इलेक्ट्रॉनिक बसवून टाक आता."

"काका, बाबांनी शिकवलेलं एवढंच माझ्या हातात राहिलंय," तो म्हणाला. "तेही काढून टाकू?"

यावर साहित्याच्या अध्यापकाने गहिवरावयास हवे होते. पण आमचे बंधू आम्हांस ठाऊक होते. जावाचा सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा रात्री पुरेना, तेव्हा त्यांनी बारा व्होल्टची योजना निःसंकोच करवून घेतली होती. गाडीच्या मूळ रूपाचा त्यांना सोस नव्हता; अंधार पडल्यावर धडपणे घरी येण्याचा होता. हे आम्ही त्याला सांगितले. श्टुटगार्टच्याच बॉश कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनियराने 1902 साली उच्च दाबाचे मॅग्नेटो सिद्ध केले, तेव्हा त्याआधीच्या पद्धतीवर प्रेम करणारेही कोणी असतीलच, हेही सांगितले.

नव्या पद्धतीत पॉइंट नाहीत. चुंबकाच्या फिरण्याने उत्पन्न झालेली वीज एका कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टपर्यंत साठते, आणि नेमक्या क्षणी थायरिस्टर नावाचा बिनहालचालीचा दरवाजा उघडून ती कॉइलमध्ये लोटून देतो. घासणारे काही नाही, म्हणून झिजणारेही नाही. दोष एकच: बिघडले तर चढावर बसून विडीच्या कागदाने काही करता येत नाही. राळेत गाडलेली डबी ती. उघडावी तर फुटेल.

पण मेख दुसरीकडेच निघाली. नव्या यंत्रणेचा फिरता भाग मुठीएवढा, आणि जुने चुंबकी फ्लायव्हील चांगले वजनदार. हलक्या चाकाने इंजिन चपळ होते खरे; परंतु चिखलात मागचे चाक जागच्या जागी गरगरते, आणि मंद गतीवर इंजिन पटकन दम सोडते. जड चाक प्रत्येक स्फोटाची ताकद थोडी राखून पुढच्या क्षणाला देते. हा गुण ठिणगीचा नव्हे, वजनाचा. आणि ठिणगी बदलताना तो नकळत फेकला जातो. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू आम्हांला येथे पटली. नव्या रोटरवर पोलादाचे एक कडे चढवावे, असे ठरले.

बसविताना आणखी एक मौज. डबी कितीही शहाणी असली तरी दट्ट्या कोठे आहे हे तिला प्रथम दाखवावेच लागते. पुतण्याने प्लगच्या भोकात डायल गेज लावले, रोटरच्या खुणा जुळविल्या, आणि मग काही न बोलता कोपऱ्यातून सायकलची एक तार काढली. तिच्यावर कानशीची खूण होती. ती गेजशी जवळजवळ तंतोतंत जुळली.

तिसऱ्या लाथेला गाडी सुरू झाली. पुढच्या शर्यतीत ती एकदाही बंद पडली नाही. पुतण्या शेवटून तिसरा आला. याचे कारण ठिणगी नसून त्याचे अलीकडे सुटलेले पोट आहे, असे सूनबाईंचे मत आहे.