घुमटाखाली उभे राहण्याची जागा

साहित्याच्या वर्गात प्रतीकाची चर्चा बहुधा एखाद्या समीकरणापाशी येऊन थांबते. कमळ म्हणजे निर्लेपता, दिवा म्हणजे ज्ञान. ख्रिस्ती चित्रकलेसाठी तर अशा समीकरणांचे कोशच आहेत : गरुड म्हणजे संत योहान, किल्ल्या म्हणजे संत पीटर, सफरचंद म्हणजे आद्य पाप. परीक्षेपुरते हे पुरते. मला मात्र या सोयीचीच धास्ती वाटू लागली आहे. आणि तिला कारण झाला इटलीतील पार्मा येथील एक घुमट.

सान जोव्हान्नी एव्हांजेलिस्ता हे बेनेडिक्टाइन मठाचे चर्च. १५२० ते १५२४ या काळात कोरेज्जोने तेथे भित्तिचित्रे रंगवली. घुमटाच्या मध्यभागी सोनेरी प्रकाशातून उतरणारा ख्रिस्त आहे, भोवती ढगांवर विसावलेले प्रेषित आहेत. खाली, घुमट पेलणाऱ्या चार त्रिकोणी भागांत चार शुभवर्तमानकार आणि त्यांच्या जोडीला जेरोम, ऑगस्टीन आदी धर्माचार्य आहेत. लिहिणारे खाली आणि ज्याविषयी लिहायचे ते वर! ग्रंथांच्या आधारावर दर्शन तोललेले आहे, हे कोश न उघडताही कळते.

पण ज्याला हे दर्शन घडते तो वृद्ध योहान घुमटाच्या अगदी कडेला आहे. सभामंडपातील भाविकांना तो दिसत नाही. वेदीच्या बाजूला बसणाऱ्या मठवासीयांना दिसतो. हे पात्मोस बेटावरचे दर्शन, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे काही अभ्यासकांनी त्यात योहानाच्या मृत्यूचा क्षण पाहिला : आधी निवर्तलेल्या सोबत्यांसह ख्रिस्त त्याला न्यायला आला आहे. मठवासी हे सारे योहानाच्या संदर्भात वाचत असणार. भाविकाला मात्र योहानच दिसत नाही, म्हणून ख्रिस्त थेट त्याच्याच दिशेने उतरतो. योहानाची रिकामी जागा पाहणाऱ्याने भरायची असते.

पार्माच्याच कॅथेड्रलमधील घुमटात (१५२६-३०) मेरीचे स्वर्गारोहण आहे. तिथे ईव्हच्या हाती सफरचंद आहे. पण ती आता निर्वासित नाही, स्वर्गातील आनंदी गर्दीत आहे. नव्या ईव्हच्या, म्हणजे मेरीच्या, सान्निध्यात पापाची खूणच उद्धाराची साक्ष होते.

पुस्तकातील छायाचित्रात योहान आणि ख्रिस्त एकाच वेळी दिसतात, कारण आपण कुठेच उभे नसतो. कोशातील प्रतीकांचेही असेच आहे. कविता शिकवताना आपण विद्यार्थ्यांना हेच सपाट छायाचित्र तर देत नाही ना? प्रतीकाचा अर्थ विचारण्याआधी, ही कविता वाचकाला कुठे उभे करते आणि तिथून काय दिसत नाही, हे विचारायला हवे. उत्तर गुणपत्रिकेत बसणार नाही कदाचित. पण वाचन तिथूनच सुरू होते.