सर्वांत शेवटी जेवून उठणारा

आमच्या पंगतीत सगळ्यांचे हात धुऊन झाले तरी माझ्या भाच्याचे पान अर्धेच असायचे. उंडो हुमणात भिजवून मऊ करायचा, मटण बोटांनी कुसकरायचे आणि घासागणिक पाण्याचा घोट. कोणी त्याला संथ म्हणे, कोणी लाडावलेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी कळले, ही आजाराशी केलेली तडजोड होती.

आजाराचे नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात नसतात. इथे त्या, बहुतेकदा खाण्यातल्याच एखाद्या पदार्थाच्या अ‍ॅलर्जीने, तळ ठोकतात. १९९०च्या दशकापर्यंत याला वेगळा आजार म्हणून कोणी ओळखत नव्हते. आजही तो पुष्कळदा अ‍ॅसिडिटी म्हणूनच खपतो.

सूज वर्षानुवर्षे राहिली की नळी ताठर होते, आत कडी पडतात, वाट अरुंद होते. मग एक दिवस घास अडकतो. भाच्याच्या बाबतीत तो मटणाचा होता. श्वास चालू होता, पण स्वतःची थुंकीही गिळवेना. काटा अडकला की केळे गिळायचे, हा आपल्याकडचा जुना उपाय लगेच पुढे आला. बंद वाटेवर आणखी भर! कोणी घशात बोटे घालून ओकायला सांगितले. ते तर फारच वाईट. भरपेट जेवणानंतर ओकारी काढताना अन्ननलिका फाटून दगावलेल्या एका डच नौदल अधिकाऱ्याची हकीकत बोरहावे या वैद्याने १७२४ मध्ये लिहून ठेवली आहे. या आजारात तर अस्तर मुळातच नाजूक. नळी फाटली की छातीत असह्य कळ येते, अन्न आणि हवा छातीत शिरते, आणि मग जिवावरच बेतते.

सुदैवाने दुर्बिणीने तुकडा निघाला. बायोप्सीत निदान झाले. बहिणीचा पहिला प्रश्न, ‘‘मासळी बंद?’’ संशयितांच्या यादीत मासळी आहे खरी, पण सुरुवात दूध आणि गव्हापासून झाली. (गोंयकाराच्या घरात केवढा हा दिलासा!) शिवाय गिळायचे स्टेरॉइड. अरुंद वाट फुग्याने रुंद करता येते, पण त्याने सूज जात नाही. औषध चालूच ठेवावे लागते.

डॉक्टरांनी घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हेही विचारले. भावोजी म्हणाले, ‘‘मला कधीच काही अडकत नाही.’’ मटण आणि उंडे मात्र त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच सोडले आहेत. आवडत नाहीत म्हणतात.