बऱ्हाणपूरच्या कुंड्या आणि बर्फातली गाडी

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही भारतात गेलो, की मुंबई-पुणे होतंच. या वेळी मुलांना आईच्या माहेरी, बऱ्हाणपूरला नेलं. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने तासाभराचा प्रवास. मध्य प्रदेश सुरू झालेला असतो, पण मामाच्या गल्लीत मराठी ऐकू येते आणि तिच्यात हिंदी दुधात साखर मिसळावी तशी मिसळलेली असते. गावात पॉवरलूमची खटखट, कढईत काळपट मावा जिलेबी आणि तापीच्या काठावर शाही किल्ला. मुमताजमहल 1631 मध्ये याच गावात वारली. ताजमहाल आग्र्याला झाला, पण गोष्ट इथे सुरू झाली, हे मुलांना इथेच कळलं.

तिसऱ्या दिवशी मामाची मोटरसायकल घेऊन मी आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा असीरगडला निघालो. किल्ला वीसेक किलोमीटरवर, सातपुड्याच्या रांगेत. चढ लागला आणि गाडी वळणावर बंद पडली. हँडल सरळ केलं, किक मारली, चालू. पुढच्या वळणावर पुन्हा बंद. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, हे तर आपल्या स्नोमोबाइलसारखं झालं!"

तो असं का म्हणाला ते सांगतो. आम्ही उत्तर ऑन्टॅरिओत राहतो. गेल्या फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावरून घरी येताना आमची स्नोमोबाइल अशीच अधूनमधून बंद पडत होती. आधी मी बॅटरी बदलली होती, मग स्पार्क प्लग बदलले होते, आणि झालं असेल ठीक, असं धरून मुलीला मागे बसवून निघालो होतो. संध्याकाळी, उणे बावीस अंशांत, गाडी कायमची थांबली. फोनला रेंज नव्हती. दुसरी एक स्नोमोबाइल दिसेपर्यंत पाऊण तास गेला. मुलीची बोटं पांढरी पडली होती. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

असीरगडच्या रस्त्यावर मात्र ऊन होतं आणि टपरी होती. गाडी ढकलत तिथे नेली. वायरिंगचं काम करणारे चाचा साठीचे असतील. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंही नाही. स्विच चालू ठेवला आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. डावीकडे नेलं की दिवा गेला. त्यांनी हँडलखाली, फ्रेमच्या मानेपाशी बोट घातलं आणि वायरींचा जुडगा बाहेर ओढला. एका वायरचं कवच घासून गेलं होतं, आतली तांब्याची तार दोन-तीन केसांवर टिकून होती.

"बेटा, तार बसल्या जागी तुटत नाही," ते मुलाला म्हणाले. "जिथे वळते, जिथे घासते, जिथे पाणी धरते, तिथेच तुटते. आधी तिथे बघ. पैसे नंतर खर्च कर."

त्यांनी वायर कापून जोडली, वर नळी चढवली आणि हँडल पूर्ण वळलं तरी ताण येणार नाही इतका ढिलावा ठेवून बांधली. पंधरा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा पाहिला. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरात आणलं होतं. हीच ती कुंडी भंडारा, लोक खुनी भंडाराही म्हणतात. 2024 मध्ये त्याचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलं. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. गुडघाभर स्वच्छ पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. वर पाहिलं तर एका गोल तोंडातून उजेड येत होता. अशी शंभरावर तोंडं ओळीने आहेत. त्यांतून हवा खेळते, माणूस खाली उतरू शकतो, गाळ आणि चुना साफ करता येतो.

मुलगा म्हणाला, "म्हणजे बांधतानाच दुरुस्तीची सोय केली होती." बांधणाऱ्यांना माहीत होतं, झाकलेलं काही आपोआप नीट राहत नाही.

घरी परतल्यावर आम्ही दोघांनी तेच केलं. हल्ली दर ऑक्टोबरला, पहिल्या बर्फाआधी, अर्धा दिवस गॅरेजमध्ये घालवतो. बॅटरीची वजा बाजू आधी सोडतो, मगच वायरींना हात. हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहतो, वायर ताणत तर नाही ना. इंजिन थरथरतं, म्हणून जुडगा धातूच्या कडेला किंवा सायलेन्सरजवळ कुठे टेकतो ते शोधून तिथे नळी चढवतो आणि पट्ट्याने बांधतो, पण आवळत नाही. कनेक्टर उघडतो. बर्फाचं पाणी आत गेलं की तांब्यावर हिरवट पूड जमते. ती साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावतो. अर्थिंगची वायर फ्रेमला जिथे जोडली आहे तिथला रंग आणि गंज काढतो. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालतो, मोठा कधीच नाही, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

आणि उंदीर! उन्हाळ्यात झाकून ठेवलेल्या गाडीत ते घरटी करतात आणि वायरी कुरतडतात. हुडाखाली हात घालून पाहिल्याशिवाय चावी फिरवत नाही. सीझनभर एक छोटी पिशवीही सोबत असते: टॉर्च, फ्यूज, टेप, थोडी वायर.

आमच्या गाडीत दोष कुठे होता ते सांगायचं राहिलंच. तो निघाला हँडलच्या मुळाशी, बंद करायच्या स्विचच्या वायरीत. चाचांनी जिथे बोट घातलं होतं, नेमकं तिथेच.

मुलगी यंदा पुन्हा मागे बसली. निघण्याआधी मात्र स्वतः हँडल दोन्ही बाजूंना फिरवून दिवा पाहून घेतला. मी काही सांगितलं नव्हतं.