काटा आणि तबकडी

गाणाऱ्याला आपला सूर कुठे लागतोय हे पडद्यावर दिसावं, म्हणून मी मॅक्समध्ये एक ऑब्जेक्ट लिहितो आहे. गोल तबकडी, तिच्यावर बावीस श्रुतींच्या खुणा आणि त्यावर फिरणारा काटा. मॅक्स हे संगीतकारांचं प्रोग्रॅमिंगचं साधन. मिलर पकेटनं १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत त्याचा पाया घातला. त्यात स्वतःचा दृश्य ऑब्जेक्ट करायचा तर त्याचं सगळं रूप आपणच काढायचं, सी भाषेत, एकेक रेघ सांगून. या कामात मी तासन् तास रमतो.

पण चित्र नेमकं कधी काढायचं, हे आपल्या हातात नसतं. ‘रीड्रॉ’ हा नुसता निरोप असतो की माझं रूप शिळं झालंय. मग मॅक्स सवडीनं आपल्या पेंट फंक्शनला बोलावतं. लागोपाठ दहा निरोप गेले तरी बोलावणं बहुधा एकच येतं. हे फार बरं आहे, कारण आवाजाच्या बाजूला कायम घाई असते. ४४,१०० हर्ट्झला ६४ नमुन्यांचा एक तुकडा घेतला, तर सेकंदाला जवळपास ६८९ तुकडे होतात. साधा पडदा सेकंदाला ६० वेळाच ताजा होतो. आणि आवाजाच्या थ्रेडवरच, म्हणजे आवाजाचं काम वेगळं चालवणाऱ्या धाग्यावरच, रेघा काढायला बसलं तर आवाज तुटतो. त्या थ्रेडनं आकडा लिहून ठेवावा, मुख्य थ्रेडला कळवावं आणि पुढच्या तुकड्याकडे वळावं.

आता लेयर. बरेच जण ते दिसण्याच्या क्रमानं पाडतात: मागचं, मधलं, पुढचं. मी बदलण्याच्या वेगानं पाडतो. तबकडी आणि खुणा बदलतात त्या फक्त आकार किंवा रंग बदलला की. तो एक लेयर. गाणाऱ्यानं षड्ज बदलला की स्वरांची अक्षरं सरकतात. तो दुसरा. काटा मात्र दर पेंटला नवा असतो, म्हणून त्याला लेयर देतच नाही, थेट काढतो. लेयर म्हणजे एकदा काढून जपून ठेवलेलं चित्र. जे दरवेळी टाकूनच द्यायचं ते जपायला गेलं तर आधी बाजूला काढा, मग पडद्यावर उतरवा, असं काम दुप्पट होतं. शिवाय जागाही लागते. ३०० बाय ३०० चा ऑब्जेक्ट दुप्पट घनतेच्या पडद्यावर ६०० बाय ६०० पिक्सेलचा होतो आणि पिक्सेलला चार बाइट धरले तर एकेक लेयर १४ लाख बाइटांच्या वर जातो.

लेयर सुरू करायला सांगितलं की मॅक्स आधी जुनं चित्र अजून चालेल का ते पाहतं. चालत असेल तर हातात काहीच देत नाही, आपण तेच चित्र उतरवून मोकळं व्हायचं. चालत नसेल तरच कोरी जागा मिळते. ही रचना मला अतिशय सुंदर वाटते, कारण ‘काढू की नको’ हा प्रश्न एकाच ठिकाणी सुटतो. जबाबदारी उरते ती लेयर वेळेवर बाद करण्याची. नुसता लेयर बाद केला आणि रीड्रॉ सांगितलं नाही, तर पडद्यावर लगेच काहीच हलत नाही. नुसतं रीड्रॉ सांगितलं तर काटा नवा आणि तबकडी जुनी. इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे गुणधर्मांच्या खिडकीत, रंग बदलला तरी तबकडी तशीच राहते आणि ऑब्जेक्टचा कोपरा ओढून मोठा केला की एकदम नवा रंग येतो, असं दिसलं तर रंग बदलल्याची खबर लेयरपर्यंत पोचत नाही हे नक्की समजावं. म्हणून कोणता गुणधर्म कोणता लेयर बाद करतो, याचा तक्ता मी कोड लिहिण्याआधी करतो. षड्ज बदलला म्हणून तबकडी पुन्हा काढायची नाही आणि तबकडीचा रंग बदलला म्हणून अक्षरं मांडायची नाहीत.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मींडीनं. सूर ओळखणारा भाग दर ५१२ नमुन्यांना एक उत्तर देतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ८६. पेंट त्याहून कमी वेळा येतं. फक्त शेवटचं उत्तर दाखवलं तर मधली काही ठिकाणं गळतात आणि गमकेत नेमकी टोकंच बोथट दिसतात. म्हणून दोन पेंटच्या मधली सगळी उत्तरं साठवतो आणि काट्यामागे त्यांची फिकट रेघ काढतो. काटा स्वतः शेवटच्या उत्तरावर.

काटा गुळगुळीत फिरावा म्हणून त्याची सरासरी घ्या, असं अनेकजण सुचवतात. दिसायला ते छान दिसतं, पण सरासरीचा काटा उशिरानं पोचतो आणि गाणारा लागलेला सूर सोडून काट्याच्या मागे जाऊ लागतो. ती सोय मी ठेवली आहे, मुळात बंद. ज्याला हवी त्यानं ती स्वतः सुरू करावी.